बावन्न नंबरचा हायवे आणि हिवाळ्याचे टायर : मिनेसोटातल्या एका गाडीखरेदीचं प्रकरण

२०२२ च्या सप्टेंबरात माझा भाचा आणि भाचेसून टेक्सासातून मिनेसोटात राहायला आले. तिची नोकरी सेंट पॉलला, त्याची रॉचेस्टरला. दोघांना जमावं म्हणून त्यांनी मधल्या रोझमाउंट गावात भाड्याने फ्लॅट घेतला. तिला ऑफिसातल्या मैत्रिणीची सोबत मिळाली, त्याला मात्र गाडीशिवाय गत्यंतर नव्हतं. रोझमाउंट ते रॉचेस्टर हे अंतर सुमारे ६५ मैल, म्हणजे १०५ किलोमीटर. पुण्याहून साताऱ्याला जावं आणि संध्याकाळी परत यावं, असं आठवड्यातून तीनदा.

जुनी गाडी त्यांनी टेक्सासात विकली होती. नवीसाठी टॅक्स, टायर, किरकोळ दुरुस्ती असं सगळं धरून साडेएकोणीस हजार डॉलर बाजूला काढले होते. त्याची मागणी एका वाक्याची होती : "मामा, अॅव्हरेज चांगलं हवं, पण बर्फात दगा देणारी नको."

या वाक्यातला दुसरा भाग कुठून आला होता, ते मला ठाऊक होतं. ११ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे फोर्ट वर्थला रस्त्यावर बर्फाचा पातळ थर धरला आणि १३० हून जास्त गाड्या एकमेकींवर आदळल्या. सहा माणसं गेली. भाचा तेव्हा त्याच भागात राहत होता आणि त्या रस्त्याने त्याची नेहमीची ये-जा होती. रस्त्याचं नाव आय-३५डब्ल्यू. याच नावाचा रस्ता मिनिॲपोलिसमधूनही जातो. इथे आल्यावर पहिल्यांदा ती पाटी दिसली तेव्हा तो गाडीत एकदम गप्प झाला होता.

साताऱ्याहून ताईचा फोन आलाच. "चारी चाकं ओढणारी गाडी घ्यायला सांग त्याला. पैशाकडे बघू नका." ऑफिसातल्यांनीही त्याला तेच सांगितलेलं. मीही इथे आलो त्या वर्षी तेच मानत होतो आणि त्यापायी बरेच पैसे घालवले होते. म्हणून या वेळी गाड्या बघायच्या आधी आम्ही रस्ता बघायला गेलो.

रस्ता

एका रविवारी आम्ही दोघे बावन्न नंबरच्या हायवेने रॉचेस्टरला जाऊन आलो. वाटेत कॅनन फॉल्स, झुम्ब्रोटा, पाइन आयलंड, ओरोनोको ही गावं लागतात. प्रत्येक दिशेला दोन लेन, मध्ये गवताचा चर. ऑक्टोबरात दोन्ही बाजूंनी मका आणि सोयाबीनची कापणी चाललेली असते, फार सुंदर दिसतं. पण कापणी झाली की वारा अडवायला काहीच उरत नाही. आकाशातून एक कणही पडत नसताना शेतात पडलेला बर्फ वाऱ्याने उचलला जातो आणि रस्त्यावरून आडवा वाहत राहतो. टायरांखाली दाबला जाऊन त्याची काच होते. घाटातल्या पहिल्या पावसात डांबर निसरडं होतं, ते मी आंबेनळीत गाडी चालवून शिकलो होतो. इथला निसरडेपणा त्याहून वाईट, कारण तो सरळ रस्त्यावर आणि ताशी शंभर किलोमीटरच्या वेगात भेटतो.

थंडीचं प्रमाणही सांगायला हवं. मिनिॲपोलिसचं जानेवारीतलं सरासरी तापमान उणे ९ सेल्सिअसच्या आसपास असतं. ३० जानेवारी २०१९ ला ते उणे ३३ पर्यंत उतरलं होतं. रस्त्यावर मीठ टाकतात, पण रस्त्याचा पृष्ठभाग उणे ९ च्या खाली गेला की साध्या मिठाचं काम जवळजवळ थांबतं. म्हणजे कडाक्याच्या दिवशी, नेमकी गरज असते तेव्हाच, ब्लॅक आइस, म्हणजे डांबरावरचा डोळ्यांना न दिसणारा बर्फाचा पापुद्रा, तसाच राहतो.

हे सगळं पाहिल्यावर गाडीकडून काय हवं ते स्पष्ट झालं. सरळ रस्त्यावर वेगात असताना पकड टिकली पाहिजे आणि वेळेवर थांबता आलं पाहिजे. रोझमाउंटच्या उघड्या पार्किंगमध्ये रात्रभर गारठल्यावर सकाळी सहाला एका सेल्फमध्ये चालू झाली पाहिजे. मिठाने पाच वर्षांत सडता कामा नये.

चारी चाकं ओढणं आणि चारी चाकं थांबवणं

इथे जरा थांबतो, कारण सगळा निर्णय या मुद्द्यावर फिरला.

ऑल व्हील ड्राइव्ह म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना. उभी गाडी बर्फातून बाहेर काढायला, चढावर जायला, सिग्नलवरून निघायला तिचा फार उपयोग होतो. पण थांबताना इंजिन मदतीला येत नाही. ब्रेक तर सगळ्याच गाड्यांच्या चारही चाकांना असतात. थांबायचं असो की वळायचं, शेवटी रस्त्याला चिकटलेलं असतं ते फक्त रबर, प्रत्येक टायरचं तळहाताएवढं. चारी चाकं ओढणारी गाडी झटकन वेग घेते, त्यामुळे रस्ता चांगलाच आहे असा भ्रम होतो आणि खरं काय ते पहिल्या ब्रेकला कळतं. फोर्ट वर्थला अडकलेल्या गाड्यांना पुढे जायची अडचण नव्हती, थांबायची होती.

आणि रबराचं असं आहे, की ऑल सीझन टायरचं रबर सुमारे ७ अंशांच्या खाली कडक होऊ लागतं. थंडीत तूप थिजतं तसं. हिवाळी टायरचं मिश्रण वेगळं असतं, उणे तापमानातही ते मऊ राहतं, आणि त्याच्या नक्षीच्या ठोकळ्यांवर बारीक चिरा असतात, त्यांच्या कडा बर्फाला धरतात. बाजूला तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह असेल, तर तो टायर बर्फावरच्या पकडीच्या चाचणीत उतरलेला असतो. नुसतं 'एम प्लस एस' (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर तशी चाचणी झालेलीच असते असं नाही. खिळ्यांचे टायर मिनेसोटातल्या रहिवाशांना वापरता येत नाहीत, त्यामुळे तो पर्याय नव्हताच.

म्हणून मी भाच्याला म्हणालो, "गाडी दोन चाकांनी ओढणारी घे, पण टायरांचे दोन संच ठेव." तो लगेच मानला नाही. लगेच मानेल असं मलाही वाटलं नव्हतं. भीती होती ती त्याने डोळ्यांनी पाहिलेल्या अपघाताची, आणि ती आकडेवारीने जात नाही.

यादीतल्या गाड्या

किया आणि ह्युंदाई आम्ही पहिल्या दिवशीच बाजूला ठेवल्या. किमतीला चांगल्या मिळत होत्या, पण २०११ ते २०२१ दरम्यानच्या, किल्ली फिरवून चालू होणाऱ्या त्यांच्या कितीतरी गाड्यांत इमोबिलायझर, म्हणजे खऱ्या किल्लीशिवाय इंजिन चालू होऊ न देणारी यंत्रणा, नव्हता. त्या वर्षी मिनिॲपोलिस आणि सेंट पॉलमध्ये त्यांच्या चोऱ्यांचा सुळसुळाट झाला होता. उघड्या पार्किंगमध्ये राहणाऱ्याने हा धोका का पत्करावा?

निसान लीफ या इलेक्ट्रिक गाडीचा मोह भाच्याला खूप होता. २०१८ च्या ४० किलोवॅट-तासांच्या लीफची एका चार्जमधली अधिकृत रेंज १५१ मैल, त्याची रोजची फेरी १३० मैल. कागदावर बसतंय. पण अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनच्या २०१९ च्या चाचणीत उणे ७ सेल्सिअसला हीटर लावून चालवल्यावर इलेक्ट्रिक गाड्यांची रेंज सरासरी ४१ टक्क्यांनी घटली होती. म्हणजे हातात उरले ८९ मैल. फ्लॅटला चार्जिंग नाही, रॉचेस्टरच्या ऑफिसातही खात्रीचं नाही. संपला विषय.

उरल्या तीन : पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी हायब्रिड टोयोटा प्रियस (२०१७), साधी पेट्रोलची टोयोटा कोरोला एलई इको (२०१८) आणि चारी चाकं ओढणारी सुबारू इम्प्रेझा (२०१७).

अॅव्हरेजचा खरा हिशेब

प्रियसच्या बाजूने कौल जाणार असं आम्ही दोघेही धरून चाललो होतो. अॅव्हरेजची गोष्ट निघाली की हायब्रिडचं नाव आपोआप ओठांवर येतं. सरकारी स्टिकरवर प्रियसचा एकत्रित आकडा गॅलनला ५२ मैल, कोरोला एलई इकोचा ३४. वर्षाला १८,७२० मैलांची ये-जा आणि पेट्रोल साडेतीन डॉलर गॅलन धरलं, तर प्रियस वर्षाला सुमारे ६६५ डॉलर वाचवते.

पण एकत्रित आकड्यात शहराचा मोठा वाटा असतो. शहरात थांबत-थांबत जाताना ब्रेकमधली ऊर्जा बॅटरीत परत येते, तिथे हायब्रिड जिंकते. भाच्याला जायचं होतं ते हायवेने, एका वेगात, सव्वा तास. तिथे ब्रेकच लागत नाही तर परत काय मिळणार? हायवेचे आकडे घेतले : प्रियस ५०, कोरोला एलई इको ४०, इम्प्रेझा ३८. आपल्या हिशेबात लिटरला साधारण २१, १७ आणि १६ किलोमीटर. आता वर्षाचं पेट्रोल प्रियसला १,३१० डॉलर, कोरोलाला १,६३८, इम्प्रेझाला १,७२४. प्रियसची बचत ६६५ वरून ३२८ वर आली. आम्ही पाहिलेल्या प्रियस तेवढ्याच चाललेल्या कोरोलापेक्षा चार हजारांनी महाग होत्या, म्हणजे बजेटच्याही बाहेर. ते चार हजार वसूल व्हायला बारा वर्षं लागली असती.

थंडीही याच बाजूला झुकते. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या माहितीप्रमाणे शहरी वापरात उणे ७ ला साध्या पेट्रोल गाडीचं अॅव्हरेज सुमारे १५ टक्क्यांनी घटतं, तीन-चार मैलांच्या छोट्या फेऱ्यांत २४ टक्क्यांपर्यंत, आणि हायब्रिडचं ३० टक्क्यांहून जास्त. कारण साधं आहे. हायब्रिडची सगळी खुबी इंजिन बंद ठेवण्यात आहे, आणि थंडीत आतल्या माणसाला ऊब द्यायला इंजिन चालू ठेवावं लागतं. लांब पल्ल्यात इंजिन एकदा तापलं की तापलेलंच राहतं, म्हणून भाच्यासारख्या प्रवासात साध्या गाडीचं नुकसान त्यातल्या त्यात कमी.

सुबारूबद्दल प्रामाणिकपणे लिहायला हवं. पेट्रोलच्या खर्चात ती कोरोलापेक्षा वर्षाला फक्त ८६ डॉलरनी महाग पडत होती, ती घेतली असती तर चूक ठरली नसती. पण बजेटात बसणाऱ्या इम्प्रेझा नव्वद हजार मैलांच्या पुढे चाललेल्या होत्या, आणि ती घेतल्यावर हिवाळी टायरांना पैसे उरत नव्हते. शिवाय तिच्या चारही टायरांची झीज जवळजवळ सारखी असावी लागते. निम्मे झिजलेले असताना एक फाटला, तर अनेकदा चारही घ्यावे लागतात.

गंज

जुनी गाडी इथे बाहेरून बघण्यात अर्थ नसतो. पहिली कोरोला चकचकीत होती. मी गुडघ्यावर बसून दाराखालच्या पत्र्याची कड बोटाने दाबली, तर रंगाखालून पापुद्रा सुटला. मिठाचं पाणी तिथे साचून राहतं. दुसरी गाडी ओळखीच्या मेकॅनिककडे नेऊन वर उचलून घेतली. ब्रेक ऑइलची नळी मागच्या चाकाजवळ इतकी सडली होती की मेकॅनिकने टॉर्च धरून भाच्याला नुसतं दाखवलं, बोलला काहीच नाही. ज्या गावात बर्फात ब्रेक मारायचा त्या गावात अशी नळी.

तिसरी घेतली. ५८ हजार मैल चाललेली. सायलेन्सरवर तांबूस थर होता, तो सगळ्यांच्याच असतो, पण नळ्या आणि पत्रा धड होता. किंमत १६,९००, त्यावर तेव्हाच्या साडेसहा टक्क्यांनी टॅक्स सुमारे १,१००. वेगळ्या लोखंडी रिम आणि त्यांवर चढवलेले चार हिवाळी टायर ७८० डॉलरना मिळाले. इको मॉडेलला पंधरा इंची १९५/६५ टायर लागतात, हे साधं माप असल्यामुळे स्वस्त पडतं. तीच गोष्ट सतरा-अठरा इंची रिमच्या गाडीला कितीतरी महाग पडली असती. रिम वेगळ्या असल्या की टायर घरी बदलता येतात. जॅक लावायचा, नट ७६ फूट-पाउंडला कसायचे, आणि पन्नास-शंभर मैलांनी पुन्हा तपासायचे. एक संच वापरात असताना दुसरा झिजत नाही, त्यामुळे ७८० पैकी बरेचसे पुढे परत येतात.

बॅटरी चार वर्षांची होती. चाचणीत पास झाली, तरी बदलून घेतली. उणे १८ ला शिसं-आम्लाच्या बॅटरीची ताकद निम्म्याहून कमी उरते, आणि घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला मात्र जास्त ताकद लागते. नवी घेताना कोल्ड क्रँकिंग अँपिअरचा, म्हणजे थंडीत इंजिन फिरवायच्या ताकदीचा, आकडा बघून घेतली, कारण तो उणे १८ लाच मोजतात. इंजिनाला कंपनीने सांगितलेलं ०डब्ल्यू-२० ऑइल तर थंडीत पातळच राहतं. रात्रभर इंजिन कोमट ठेवणारा विजेचा ब्लॉक हीटर बसवायचा विचार केला, पण उघड्या पार्किंगमध्ये प्लग कुठला?

तो हिवाळा

२०२२-२३ च्या हिवाळ्यात मिनिॲपोलिस-सेंट पॉलला ९०.३ इंच बर्फ पडला, म्हणजे साडेसात फूट. एरवी पन्नासएक इंच पडतो. तिथल्या नोंदींतल्या सर्वांत जास्त बर्फाच्या हिवाळ्यांत तो तिसरा. बिचाऱ्याची पहिलीच परीक्षा अशी.

पहिला नीट बर्फ पडल्यावर रविवारी सकाळी मी त्याला एका रिकाम्या पार्किंगमध्ये नेलं. माझी गाडी चारी चाकं ओढणारी, उंच, पण ऑल सीझन टायर चार हिवाळे जुने. बर्फात फावडं रोवलं आणि ताशी २५ मैलांनी येऊन दोघांनी आळीपाळीने त्याच्यापाशी ब्रेक मारला. त्याची कोरोला जिथे थांबली, तिथून माझी गाडी आठ पावलं पुढे गेली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. त्याने ती पावलं स्वतः मोजली. भीती गेली असं मी म्हणणार नाही, पण त्यानंतर त्याने चारी चाकांचा विषय काढला नाही, आणि पुढच्या आठवड्यात मी माझ्या गाडीला हिवाळी टायर बसवून घेतले.

२१ ते २३ डिसेंबरच्या वादळात दक्षिण मिनेसोटात वाऱ्याने हाहाकार केला. तो तीन दिवस गेलाच नाही. गाडी घेतली तेव्हाच आमचं ठरलं होतं, की ५११ वर, म्हणजे रस्त्यांची हालत सांगणाऱ्या राज्याच्या सेवेवर, रस्ता धोक्याचा दिसला की घरून काम. साहेबांशीही त्याने तसं आधीच बोलून ठेवलं होतं. माझ्या मते त्या अख्ख्या खरेदीतला हा सगळ्यात मोलाचा भाग, आणि त्याला एक डॉलर पडला नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मोठा बर्फ झाला तेव्हा कोरोलाची मर्यादा कळली. बर्फ ढकलणारी नांगराची गाडी रस्ता साफ करत जाते आणि पार्किंगच्या तोंडाशी टणक बांध टाकून जाते. कोरोलाचं पोट जमिनीपासून पाच-साडेपाच इंचांवर. ती त्या बांधावर चढून टेकली आणि चाकं नुसती फिरत राहिली. फावड्याने पाऊण तास उकरलं. सुबारूची पावणेनऊ इंच उंच क्रॉसट्रेक असती तर सहज निघाली असती, हे मान्यच करायला हवं.

अॅव्हरेज सप्टेंबर-ऑक्टोबरात गॅलनला ३९ होतं, जानेवारीत ३३ वर आलं. हिवाळी टायर जड फिरतात, थंड हवा दाट असते, हिवाळ्याचं पेट्रोलही थोडं वेगळं असतं. दर दहा फॅरनहाइटला टायरमधली हवा सुमारे एक पीएसआयने उतरते, ती भरत राहावं लागतं.

माझ्या हातून सुटलेली गोष्ट

फेब्रुवारीतल्या एका सकाळी सव्वासातला त्याचा फोन आला. आवाज कापत होता. कॅनन फॉल्सच्या जवळ तो एका ट्रकच्या मागे होता आणि ट्रकच्या चाकांतून उडालेला मिठाचा चिखल समोरच्या काचेवर बसला. वायपर लावला तर सगळीकडे पांढरा लेप पसरला. पाण्याचं बटण दाबलं, आणि काहीच आलं नाही. गाडी विकत घेताना टाकीत जे निळं पाणी होतं, ते उन्हाळी होतं. आम्ही वरून हिवाळी ओतत गेलो, पण पातळ झालेलं मिश्रण त्या दिवशी नळीत गोठलं. ताशी साठ मैल, आणि समोर काही दिसत नाही. बाजूच्या काचेतून रस्त्याची कड बघत त्याने गाडी एक्झिटला घेतली आणि पेट्रोल पंपावर उभी केली.

टायर, बॅटरी, ब्रेकच्या नळ्या, सगळं मी बघितलं. चार डॉलरच्या डब्याकडे माझं लक्ष गेलं नाही. त्या फोनची आठवण झाली की मला अजून कसंतरी होतं. आता ऑक्टोबरात टायर बदलताना आम्ही जुनं पाणी पूर्ण उपसून काढतो, उणे ३० फॅरनहाइटपर्यंत न गोठणारं भरतो, आणि ते वायपरमधून येईपर्यंत फवारत राहतो. एक डबा डिकीत असतो. तिथेच फावडं, जंपर केबल, चाकाखाली टाकायला वाळूची पिशवी, जाड पांघरूण आणि भाचेसुनेने ठेवलेले राजगिऱ्याचे लाडू. ते उणे वीसमध्ये दगड होतात, पण तोंडात धरले की विरघळतात.

आता

२०२४ मध्ये त्यांनी घर घेतलं, गॅरेजसकट. कोरोला एक लाखाच्या पुढे गेली आहे आणि दर शरद ऋतूत तिच्या पोटाला ऑइलचा संरक्षक थर मारून घेतो. आता भाचेसुनेला स्वतःची गाडी हवी आहे. नव्या घरापासून तिचं ऑफिस सहा मैल, सगळा शहरातला रस्ता. मी जुनी वही काढली. तिच्या रोजच्या बारा मैलांना हिवाळ्यातली ८९ मैलांची रेंजसुद्धा भरपूर आहे, आणि गॅरेजमधल्या साध्या १२० व्होल्टच्या प्लगवरही तासाला तीन-चार मैलांपुरतं चार्जिंग होतं. म्हणजे २०२२ मध्ये खोडलेली लीफ पुन्हा यादीत आली आहे, या वेळी सगळ्यात वर. या शनिवारी आम्ही तिघे एक बघायला जाणार आहोत. १९५/६५ नाही तरी २०५/५५ चे हिवाळी टायर कितीला पडतात, ते भाच्याने आधीच विचारून ठेवलंय.